चोवीस फुल्या

माझ्या ताईची कॉलेजकडून बास्केटबॉल खेळायची नियमातली चार वर्षं संपली, असं क्रीडा संघटनेचे वकील कोर्टात सांगत होते. "पाय मोडला त्या वर्षीही ती एक सामना खेळली, म्हणजे तेही वर्ष मोजायचं. गुणपत्रकात नावापुढे फुली आहे." फुली म्हणजे खेळाडू मैदानात उतरली.

मी उभी राहिले.

"खाली बस गं," आई कुजबुजली. बसले असते तर ताईचं शेवटचं वर्ष गेलंच असतं. माझा आवाज खणखणीत निघाला. "त्या सामन्यात गुण लिहायला मला बसवलं होतं. हजेरी समजून मी सगळ्यांपुढेच फुल्या मारल्या. ताई प्लास्टर घालून बाकावर होती."

"बहिणीसाठी बरं आठवलं," वकील हसले.

न्यायाधीशबाईंनी पत्रक पाहिलं. "दोन्ही संघांच्या चोवीसच्या चोवीस मुली खेळल्या का हो, वकीलसाहेब?"

वकिलांनी पत्रक मागून घेतलं, फुल्या मोजल्या आणि खाली बसले.

"खटल्याचा निकाल लागेपर्यंत तिला खेळू द्या," न्यायाधीशबाई म्हणाल्या.