पूजेतली कडी

मोनिकाची चूक म्हणाल तर एवढीच, की तिनं सायकलची चेन आदल्या संध्याकाळी उतरवून ठेवली. डिझेलात धुतली, फडक्यानं पुसली आणि पडवीत जुन्या पेपरावर वाळत घातली. त्या गिअरच्या सायकलची चेन एका नखाएवढ्या कडीनं जोडलेली असते. कडीचे तुकडे दोन, अगदी एकसारखे, प्रत्येकाला एक खुंटी. एकमेकांत अडकवले की चेन जुळली, सरकवले की सुटली. ते दोन तुकडे तिनं वाटीत ठेवले. सकाळी बसवायला पाच मिनिटं पुरली असती. नऊला राहुरीत जिल्ह्याच्या सायकलिंग संघाची निवड होती, आणि त्या एका सकाळीसाठी ती आठ महिने साडेचारला उठून रस्ता तुडवत होती. आज चुकली तर पुढच्या सालापर्यंत बोंब.

सातला बाहेर येऊन बघते तर काय! सासऱ्यांची खंडेनवमीची पूजा आटोपलेली. पाटावर कोयते, विळे, पान्हे, पक्कड ओळीनं मांडलेली, मधोमध तिची चेन वेटोळं करून ठेवलेली, वर झेंडूचं फूल. वाटीतल्या कडीलासुद्धा हळदीकुंकू लागलेलं.

"मामा, चेन घेते मी. नऊला निवड हाय."

श्रीमंतराव पाटाशेजारी मांडी घालून बसले होते. "पूजेतलं हत्यार उद्या सीमोल्लंघन झाल्यावरच हलतं. आज इसावा असतो त्याला. आपल्या घरात हेच चालत आलंय."

"पण तुमची पूजा दरसाल अकराला असती."

"यंदा लवकर जाग आली."

जाग आली म्हणे! महिन्यापूर्वी पारावर कुणीतरी म्हणालं होतं, 'श्रीमंतराव, तुमची सून चड्डी घालून हायवेनं पळती की!' तेव्हापासून या माणसाची झोपच उडाली होती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. नवऱ्याला, ओमलाही ठाऊक होतं. पण तो मिठाची गुळणी धरून दारात उभा.

"ओम, बघत काय राहिलास? ट्रॅक्टर काढ, वैरण घेऊन ये," श्रीमंतराव म्हणाले.

ओम निघालासुद्धा. ट्रॅक्टरच्या नाकावर ताज्या झेंडूचा हार, चाकावर कुंकवाचे पट्टे. मोनिकाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ट्रॅक्टरची पूजा न्हाई झाली व्हय? त्याला इसावा नको?"

"त्याचं येगळं. जनावरं उपाशी ठिवायची का?"

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय! मोनिका वाकली आणि सरळ चेन उचलली. फूल खाली पडलं. श्रीमंतरावांनी वाटीवर झडप घातली, वाटी कलंडली. कडीचा एक तुकडा त्यांच्या मुठीत गेला, दुसरा तिच्या पायाशी पडला. तिनं तो उचलला.

"आता पळव सायकल," म्हातारा मूठ आवळून म्हणाला.

अर्ध्या कडीचं करायचं काय? गावात, देवळालीत, असली कडी मिळत नव्हती, आणि मिळत असती तरी आज दुकानं पूजेची बंद. सव्वासात झाले होते. मोनिकाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या पाण्याचाच तिला जास्त राग आला.

सासू, बनुबाई, आत चुलीपुढं भाकऱ्या थापत होती. तिथूनच बोलली. आवाज चढवला नाही, पण पडवीत स्पष्ट ऐकू आलं.

"चाळीस नवम्या झाल्या मला या घरात. समदी हत्यारं इसाव्याला बसतात, माझी परात न्हाई बसली कधी. नवमीला न्हाई, दसऱ्याला न्हाई. मोना, गोठ्याच्या फाटकाला काय बांधलंय, बघ जरा."

काखेत कळसा नि गावाला वळसा! मोनिकाची मागच्या सालची झिजलेली चेन. फुकटची साखळी म्हणून श्रीमंतरावांनी स्वतःच्या हातांनी फाटकाला बांधलेली, आणि तिला तसलीच कडी.

कडी शेणानं आणि गंजानं गच्च बसली होती. बोटांनी हलेना. पक्कड पाटावर, आणि पाटाशी म्हातारा राखणीला. मोनिकानं पायातल्या बुटाची नाडी ओढून काढली, कडीच्या दोन्ही बाजूंनी ओवली, गाठ मारली आणि दोन्ही पायांनी फाटकाला रेटा देऊन ओढली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा खट्! कडी सुटली, फाटक उघडलं आणि जर्सी गाय थेट लसूणघासाच्या वाफ्यात शिरली.

"अगं, पोट फुगंल तिचं!" श्रीमंतराव तसेच धावले, एक मूठ अजून बंदच.

मोनिकानं चेन गिअरांवरून ओवली. एक तुकडा तिचा, एक फाटकाचा. दोन्ही जुळवून जोड वरच्या बाजूला आणला. कडी ताणून घट्ट बसावी म्हणून मागचा ब्रेक आवळला आणि पेडलवर सगळं वजन घालून उभी राहिली. खट्!

जुना तुकडा झिजलेला होता, ऐन वेळी दगा देऊ शकत होता. तुटला तर तुटला. पडवीत बसून रडण्यापेक्षा रस्त्यावर तुटू दे मेला!

घासाजवळून जाताना ती थांबली नाही. "मामा, तुमचं सीमोल्लंघन उद्या. माझं आज!"

संध्याकाळी ती परत आली. चौघींची निवड झाली होती आणि तिचं नाव तिसरं होतं. अंगणात शिरताना तिची नजर फाटकावर गेली. चेन बांधलेली होती आणि तिच्यात पुरी कडी होती. एक तुकडा गंजका, दुसरा चकचकीत, त्यावर कुंकू.

"गाय तीनदा सुटली," बनुबाई तिच्या कानाशी म्हणाली. तिला हसू आवरत नव्हतं. "दोरी लावली, ती बी तोडली तिनं. शेवटी उघडली मूठ. अन् हातानं बसंना म्हणून..."

ओट्यावर श्रीमंतराव रस्त्याकडं तोंड करून बसले होते.

"झाली का निवड?"

"झाली."

त्यांनी फाटकाकडं मान वळवली. मग म्हणाले, "फाटकाला नवा तुकडा गेलाय तुझा. उद्या सीमोल्लंघन झालं की काढून घे."

मोनिकानं पाटाकडं पाहिलं. कोयते, विळे, पान्हे सगळे जागच्या जागी होते. पक्कड तेवढी नव्हती.

"उद्या कशाला, मामा? आत्ताच काढते. फाटकाला तुमी चांगली दुहेरी दोरी बांधा." तिनं हात पुढं केला. "पक्कड द्या."

श्रीमंतरावांनी मांडीखालून पक्कड काढली आणि तिच्या हातात दिली.