पाय उचलणारी डबी

मित्रांनो, मी एक जुनी डबी आहे. हसू नका! जुनी म्हणजे मला दोनच हंगाम झालेत, पण धूळ, ऊन आणि ट्रॅक्टरचे हादरे खाऊन माणूस काय नि डबी काय, लवकरच म्हातारी होते. माझं झाकण पिचलंय, एक दिवा लागत नाही, आणि सध्या मी एका पत्र्याच्या शेडमध्ये पेरणीयंत्राच्या पाठीवर नुसती बसून आहे. कोंबड्या येतात, माझ्यावर चढतात, उतरतात. हाकलायची म्हटली तरी मला हात नाहीत. म्हणून म्हटलं, तुम्हाला माझी गोष्ट तरी सांगावी. अर्ध्यात उठू नका बरं का.

माझं काम साधं आहे. माझ्या यंत्राला नऊ पाय आहेत. पाय म्हणजे लोखंडी फण. ते जमिनीत तास, म्हणजे पेरणीच्या चऱ्या, ओढतात आणि पेटीतलं बी नळीतून त्या तासात पडतं. कोणता पाय खाली टाकायचा आणि कोणता वर उचलायचा, हे मी ठरवते. ठरवते कसली, सांगितलंय तेवढं करते! आपण वावरात नेमके कुठे आहोत, हे मला आभाळातल्या उपग्रहाकडून कळतं. जिथे पाय एकदा टेकून गेले, ती जागा मी लक्षात ठेवते. यंत्र पुन्हा त्या जागेवर आलं की पाय आपोआप वर, बी बंद. पूर्वी बांधाकडेला आणि तिरक्या कोपऱ्यांत बैलांची पाभर दोनदा फिरायची, बी दाट पडायचं आणि कणसं बारीक राहायची. ते मी थांबवलं.

राहुरीजवळच्या एका शेडमध्ये एंजलताईनं माझ्या तारा जोडल्या. शेवटचा स्क्रू आवळताना ती मला म्हणाली, "उचल आणि टाक. याच्यापुढं शहाणपणा करू नको, बाई." तिचा शब्द मी आजवर मोडला नाही. मोडता आला असता तर किती बरं झालं असतं!

मला घेतलं गिदोनदादांनी. ते नेवाशाकडचे. ट्रॅक्टर आणि यंत्र घेऊन गावोगाव पेरणी करून देतात. पहिल्या हंगामात माझं काय कौतुक झालं म्हणून सांगू! लोक बांधावर गोळा व्हायचे. एक म्हातारे बाबा तर म्हणाले, "अगं बया, चिखलातल्या शेळीवानी पाय उचलतंय की हे!" गिदोनदादा रोज संध्याकाळी ओल्या फडक्यानं मला पुसायचे. तेव्हा मला वाटायचं, आपल्यासारखी सुखी आपणच.

मग दुसरा हंगाम आला आणि आम्ही पाथर्डीकडे गेलो. तिथल्या एका वस्तीवर भिमाजी आणि कडूबाई हे नवरा-बायको राहतात. दरसाल ऊस तोडायला जातात. त्यांची मुलगी दिपाली यंदा दहावीला. दरवर्षी तीही टोळीबरोबर जायची आणि निम्मी शाळा बुडवायची. यंदा मात्र तिनं हट्टच धरला, "मी न्हाई येनार." भिमाजी शेवटी म्हणाले होते, "ज्वारी पेरून जाऊ. उगवली तर राखायला कुणीतरी लागंलच. तू शेजारच्या चांगुणामावशीकडं राहा, रान राख, शाळा कर." म्हणजे पोरीची शाळा त्या ज्वारीवर टांगलेली होती. हे मला कसं ठाऊक? अहो, माझ्या शेजारी बसूनच तिनं मैत्रिणीला सगळं सांगितलं. डबीसमोर कुणी आवाज लपवत नाही.

त्यांचं वावर अगदी लहान. वरच्या अंगाला मुरमाड, तिथे चाराही धड येत नाही. खाली ओढ्यालगत काळ्या मातीचा पट्टा. पिकलं तर तिथेच. हस्त नक्षत्रातला हत्तीचा पाऊस उशिरा पडला, चिखल सुकून पेरणीजोगा वापसा येईपर्यंत सगळ्यांची तारांबळ उडाली, आणि सोमवारी तर टोळीचा ट्रक येणार होता.

शनिवारी आम्ही वावरात उतरलो. गिदोनदादा बियाचं पोतं आणायला सांगणार, तेवढ्यात कडूबाई पुढे आल्या. ओच्यात थोडी ज्वारी होती. "भाऊ, आमच्यात पहिली मूठ घरच्या बाईची असती. बी भरायच्या आधी."

"धरा की मावशी. पण पाभरीसारखं मूठ सोडायचं चाडं कुठाय इथं? पेटीतच टाका."

कडूबाईंनी पेटीच्या कडेला एक मूठ सोडली, हात जोडले आणि गिदोनदादांनी तेवढ्या मुठीवर पहिली फेरी मारली. दाणे कडेच्या एका नळीतून पडून गेले. झालं. पण बांधावर वस्ती जमली होती. पोरं ओरडली, "वळताना पाय उचलून दावा!" दादांनी दाखवलं. "आनखी एकदा!" दादांनी आणखी एकदा दाखवलं. कौतुक कुणाला नको असतं? असं करता करता रिकामी पेटी घेऊन आम्ही तो अख्खा काळा पट्टा नांगरासारखा फिरलो. तासं सुरेख पडली. अंधारून आलं तेव्हा दादा म्हणाले, "आता उद्या माझा माणूस बी भरून पेरून देईल."

माझ्यावर एक बटण आहे, 'पुसा' म्हणून. ते दाबलं की माझ्या डोक्यातलं वावर कोरं होतं. त्या दिवशी ते कुणी दाबलं नाही. आणि पाय टेकले एवढंच मला कळतं, पेटी भरलेली होती की रिकामी, ते नोंदवायची सोय माझ्यात कुणी केलेलीच नाही.

दुसऱ्या दिवशी रविवार. रविवारी गिदोनदादा चर्चला जाणार म्हणजे जाणारच, फोन बंद. आला तो कल्याण, त्यांचा ड्रायव्हर. त्यानं शनिवारचं काही पाहिलं नव्हतं. भिमाजी टोळीच्या मुकादमाकडे गेले होते आणि कडूबाई घरी भांडी-अंथरुणं बांधत होत्या. वावरात होती फक्त दिपाली. तीही आदल्या दिवशी शाळेत होती.

कल्याणनं पेटी काठोकाठ भरली आणि ट्रॅक्टर काळ्या पट्ट्यात घातला. मी नऊच्या नऊ पाय वर उचलले.

काय सांगू मित्रांनो! पेटीत बी सळसळतंय, खाली ओली काळी माती आहे, आणि मी पाय धरून बसलेय. सोडावेसे वाटले, पण सोडता येत नाहीत. या टोकाला गेलो, त्या टोकाहून परत आलो, पाय वरच.

दिपाली ट्रॅक्टरमागे धावत आली. "कल्याणदादा! अवो दादा, पाय वर हायेत!"

कल्याणनं मागे वळून पाहिलं आणि हसला. "अगं, हितं कालच पेरलंय गिदोनदादांनी. तासं दिसत न्हाईत का? झालेल्या जागी ते पाय टाकत न्हाई. लई हुशार हाय ते."

"पन बियाचं पोतं तर रातच्याला आमच्या घरात हुतं!"

"त्यांच्याजवळचं टाकलं असंल. त्याला कळतंय गं सगळं. कळत्याला काय शिकवायचं?"

ती थबकली. माझ्याकडे टक लावून पाहत राहिली. बोल गं भवाने, बोल, असं मी स्वतःलाच म्हणत होते. मला एक हिरवा दिवा आहे, तोही 'सगळं ठीक' म्हणून शांतपणे लागलेला. त्या दिव्याकडे बघून पोरगी बांधावर परत गेली. मग कल्याणनं मुरमाडात ट्रॅक्टर घातला आणि तिथे मात्र मी इमानानं पाय टाकले.

संध्याकाळी पोत्यात बरंच बी उरलं, तर भिमाजी खूश! "यंत्रानं बी लई वाचतं म्हंत्यात ते खोटं न्हाई." कडूबाईंनी उरलेलं बी मडक्यात भरून ठेवलं आणि सोमवारी दोघं ट्रकमध्ये बसून गेली. दिपाली हात हलवत राहिली. इतकी आनंदात होती की मला बघवेना.

त्याच वस्तीवर आमची आणखी कामं होती, म्हणून यंत्राचा मुक्काम त्यांच्या बांधावरच होता. दिपाली रोज सकाळी दप्तर घेऊन यायची, वाकून पाहायची आणि शाळेला पळायची. मग मुरमाडात कोंब आले, विरळ आणि पिवळट. काळ्या पट्ट्यात मात्र या कडेपासून ओढ्यापर्यंत एकच हिरवी रेघ उगवली. ती कडूबाईंची मूठ होती.

गिदोनदादांनी ते पाहिलं आणि वाकून कोरी तासं चाचपली. "देवा, मी पुसायला विसरलो," म्हणाले. उठून त्यांनी तिथल्या तिथे बटण दाबलं. माझ्या डोक्यातलं वावर कोरं झालं. पण काय उपयोग? दादांनी माती उकरून पाहिली, वीतभर खाली गेलं तरी ओल नव्हती, आता पेरून काही उगवलं नसतं.

फोनवर भिमाजी विचारत होते, "उगवलं का गं?"

"मुरमाडात उगवलंय, पप्पा."

"आनि काळ्यात?"

"काळ्यात आईची मूठ उगवली."

"मूठ म्हंजी?"

"एकच तास, पप्पा. बाकी काय न्हाई."

भिमाजी म्हणाले, "मग तिथं राखायचं काय? उद्या मुकादमाचा टेम्पो येतोय, त्यात बस." टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि एकटं माणूस अर्धा. "अर्धा कोयता तरी व्हशील," असं ते म्हणाले. गिदोनदादांनी फोन हातात घेऊन खूप विनवण्या केल्या. भिमाजींचं एकच, "भाऊ, तुमाला बोल न्हाई. पन रिकाम्या रानापायी पोरगी मागं कशाला ठिवू?"

सकाळी टेम्पोचा हॉर्न वाजला. दिपाली पिशवी घेऊन बांधावर आली. चांगुणामावशी डोळ्याला पदर लावून मागे उभी होती. पोरीनं त्या हिरव्या रेघेकडे पाहिलं, मग माझ्याजवळ येऊन माझ्यावरची धूळ ओढणीनं पुसली. "म्या म्हनलं हुतं," ती हळूच म्हणाली. "पाय वर हायेत म्हनलं हुतं." आणि टेम्पोकडे निघून गेली. मला रागावली असती तरी चाललं असतं.

हंगाम संपला आणि गिदोनदादांनी मला इथे आणून ठेवलं. आता ते मला पुसत नाहीत. येतात, बघतात आणि जातात. चांगुणामावशी त्या एका तासावरची पाखरं रोज हाकते, असं त्यांनी कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं. दिपालीचं पुढे काय झालं, ते मला कुणी सांगितलेलं नाही.

मित्रांनो, मला नीट ठेवा, माझ्या तारा उंदरांपासून जपा, रिकामी पेटी घेऊन फिरलात तर बी भरण्याआधी मला पुसा, हे तर सांगतेच. पण माझं खरं मागणं वेगळं आहे. माझ्यासारख्या डब्या आता जागोजाग येतील, आणि त्या सगळ्यांवर एक हिरवा दिवा असेल. त्या दिव्यावर जाऊ नका. मागून कुणी पोर ओरडत धावत आली, 'पाय वर हायेत' म्हणाली, तर तिला शिकवत बसू नका. आधी ट्रॅक्टर थांबवा, खाली उतरा आणि माती उकरून बघा. मला खाली उतरता येत नाही हो.