मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून

थोरलीच्या पत्राला त्याने उत्तर दिलं नव्हतं.

थोरली म्हणजे त्याची मुलगी, वाहन तपासणीच्या कामावर होती. वडील फोनवर हं-हं करून सुटका करून घेतात म्हणून तिने पत्र लिहिलं होतं. 'बाबा, बॅटरी उतरेल म्हणून तुम्ही दिवसा दिवे लावत नाही. धुक्यात तरी लावा. लांब झोताचा अप्पर नको, झोत खाली पाडणारा डिपरच. तुम्हाला रस्ता दिसत असेल, पण तुम्ही कुणाला दिसत नाही.' सोबत एक लाल चमकता त्रिकोण पाठवला होता, बंद पडलेल्या गाडीमागे रस्त्यावर उभा करायचा.

जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या त्या म्हाताऱ्याने पत्रातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका दुरुस्त केल्या आणि मनाला लागलं म्हणून पत्र बाजूला ठेवलं. त्रिकोण फळीवर गेला, शब्दकोश कलंडू नयेत म्हणून टेकू द्यायला.

आणि आज पायाला प्लास्टर घातलेल्या बायकोला मागच्या सीटवर आडवं करून तो दवाखान्यातून घरी निघाला होता. सकाळ होती, पण धुकं असं की रस्त्याची कडाही दिसेना.

"अहो, दिवे लावा."

तिने तिसऱ्यांदा सांगितल्यावर त्याने लावले, तेही अप्पर. समोर पांढरी भिंतच उभी राहिली. डोळे दिपले, डावं चाक धाडकन गटारात गेलं आणि इंजिन बंद पडलं. त्या धक्क्याने दिवेही गेले. गाडीचा मागचा भाग रस्त्यावरच राहिला होता, आणि मागेच ती होती.

त्याने किल्ली फिरवून पाहिली. काही नाही. तिला उचलायला गेला तर ती कळवळली. तेवढ्यात एक बस भोंगा वाजवत इतक्या जवळून गेली की गाडी हलली.

"त्रिकोण कुठंय?" तिने विचारलं.

"फळीवर."

तिने अंगावरची शाल ओढून काढली. मग म्हणाली, "माझी लाल शाल घ्या. मागे पळा, लांब. आणि ओरडा."

"मला ओरडता..."

"येत नाही, माहितीये. लग्नात उखाणासुद्धा कुजबुजलात. जा आता."

तो पळाला. छाती भात्यासारखी चालली होती. समारंभात मागच्या रांगेत बसणारा, फोटोत दुसऱ्याच्या खांद्याआड उभा राहणारा तो माणूस भर रस्त्यात शाल फडकावू लागला. धुक्यात घरघर ऐकू आली. घशातून आवाज फुटेना. आपल्यामुळे ती जाणार, एवढं एकच डोक्यात होतं. मग कसलातरी चिरका, स्वतःलाही न ओळखू येणारा आवाज निघाला. थांबा. थांबा. थांबा.

दोन पिवळे दिवे धुक्यातून उगवले, ब्रेक किंचाळले आणि ट्रक त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

ड्रायव्हर खाली उतरला. "काका, जिवावर उदार झालात का? गाडीचे दिवे कुठायत?"

"गेले. बायको आत आहे. पाय मोडलाय."

ड्रायव्हर तसाच परत केबिनमध्ये चढला. त्याने ट्रकचे चारही इंडिकेटर चालू केले, क्लीनरला आणखी मागे हात दाखवायला पिटाळलं आणि ट्रक पुढे नेऊन गाडीला दोर बांधला. बायकोने काचेतून विचारलं, "आवाज तुमचाच होता ना? मला वाटलं दुसरंच कुणीतरी आलं मदतीला."

तो हसला नाही. गटाराच्या कडेला बसून राहिला.

ट्रकने गाडी ओढत घरी पोचवल्यावर त्याने फळीवरून त्रिकोण काढला. शब्दकोश धडाधड कोसळले; तसेच राहू दिले. उत्तर लिहायला बसला. दोन कागद फाडले, एकात सबबी फार होत्या, दुसऱ्यात अलंकार. तिसऱ्यावर एवढंच राहिलं: 'तुझं बरोबर होतं. आई सुखरूप आहे. त्रिकोण गाडीत ठेवलाय. मागचे दिवे कसे तपासायचे ते येऊन दाखव. चुका मी काढणार नाही.'

गॅरेजमधून दुरुस्त होऊन आलेली गाडी घेऊन तो टपालपेटीकडे गेला. ऊन लख्ख होतं. कोपऱ्यावरचा शिंपी म्हणाला, "काका, दिवे चालू राहिलेत."

"राहू देत," तो जरा मोठ्यानेच म्हणाला, आणि पाकीट पेटीत टाकलं.