चौसष्ट अक्षरं आणि अर्धी मिशी

पैज लागली ती सलूनच्या खुर्चीत, आणि तीही गालाला साबणाचा फेस फासलेला असताना.

नळदुरुस्ती करणाऱ्या त्या गृहस्थाला अख्खी गल्ली नळोबा म्हणायची. माणूस महाचालू. कुणाच्या बुटांच्या नाड्या एकमेकींना बांध, कुणाच्या दाराची बेल वाजवून पळ काढ. वय बावन्न, पण खोड्या काही जात नव्हत्या. आणि मिशी तर अशी, की दुकानात आधी ती शिरायची, मागून नळोबा.

"वहिनींचा कॉम्प्युटर कुठवर आला?" सलूनवाल्याने वस्तरा पुसत विचारलं.

"सांगाडा उभा राहिलाय. तीन मेलेल्यांचे अवयव काढून एक बसवलाय. आता त्यात जीव घालायचाय. इंटरनेटवरून सिस्टिम उतरवायची आणि आत बसवायची. वाचनालयाच्या बाई आज पाचला बघायला येतायत. चालला, तर त्यांचे बंद पडलेले पाच कॉम्प्युटर हिच्या हवाली. कायमचं काम."

"मग होईल की!"

इथे गप्प बसला असता तर तो नळोबा कसला? "होतंय कसलं! पाचला तो डबा चालू असला तर माझी अर्धी मिशी काढ. इथेच, रस्त्यात खुर्ची मांडून."

"आणि नसला तर?"

"तर तुझी अर्धी."

सलूनवाल्याची मिशी म्हणजे पेन्सिलीने मारलेली रेघ. त्याने लगेच हात पुढे केला.

टाळी वाजली आणि आरशात नळोबाला दारातली बायको दिसली. काखेत वही. सगळं ऐकलेलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं, पण ती चिडली नाही.

"भाऊजी," ती सलूनवाल्याला म्हणाली, "वस्तऱ्याला धार लावून ठेवा. आणि तुमचा लॅपटॉप द्या जरा. गाणी नंतर ऐका."

नळोबाची बायको सव्वीस वर्षं एका गोदामात माल उतरवून घ्यायची. यादी हातात धरून एकेक नग मोजायचा आणि मगच सही. मग तिथे कॉम्प्युटर आले आणि साहेब म्हणाले, "हे तुम्हाला झेपायचं नाही, बाई." एवढ्या एका वाक्यावर ती घरी बसली. नंतर एक दिवस भंगारातून पहिला मेलेला कॉम्प्युटर घेऊन आली. काम मिळालं तर हवंच होतं. पण ते वाक्य आयुष्यात पुन्हा ऐकायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. नळोबाला हे सगळं ठाऊक होतं. तरी जीभ घसरली ती घसरलीच.

साडेदहाला लॅपटॉपवर सिस्टिमची फाइल उतरायला लागली. दोन तास लागणार होते. नळोबाला दोन घरच्या गळक्या तोट्या बघायला जायचं होतं, पण त्याचा पाय निघेना. कोपऱ्यात एक गिऱ्हाईक सलूनच्या वायफायवर मॅच बघत होतं. शेवटचा चेंडू. गोलंदाज धावत निघाला आणि नळोबाने हळूच राउटरची पिन ओढली.

"अरे! अरे! काय झालं?" गिऱ्हाईक खुर्चीतून उडालं. सगळे पोट धरून हसले. मिनिटभराने नळोबाने पिन परत खोचली. लॅपटॉपवरची पट्टी थांबली होती, ती पुन्हा सरकू लागली. कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

पाऊण वाजता फाइल आली.

"चला वहिनी, घाला पेनड्राइव्हमध्ये," सलूनवाला म्हणाला.

"थांबा. माल तपासला नाही अजून." तिने वही उघडली. "ही सिस्टिम ज्यांनी बनवलीय, त्यांनी साइटवर तिचा नंबर दिलाय. चौसष्ट अक्षरं. आलेल्या फाइलवरून लॅपटॉप तसाच नंबर काढतो. दोन्ही जुळले तर माल धड. अहो, स्क्रीनवरचं वाचा मोठ्याने."

"वेळ कुठंय गं? दिसतेय की नीट!"

"खोकं दिसायला छान आहे म्हणून मी कधी सही केली नाही. वाचा."

नळोबाने घसा खाकरला. "सात. एफ. तीन..."

"थांबा. माझ्याकडे पहिलाच आकडा दोन आहे."

"एखादा इकडेतिकडे चालत असेल."

"एकही चालत नाही. वाटेत काहीतरी बिघडलंय." तिने लॅपटॉपकडे पाहिलं, मग राउटरकडे, मग नवऱ्याकडे. तीस वर्षांचा संसार. तिला विचारावं लागलं नाही.

नळोबाने राउटरकडे बोट केलं. "अगं... ती पिन... मी गंमत म्हणून..."

सलूनमध्ये कुणीच हसलं नाही. बायको एवढंच म्हणाली, "पुन्हा उतरवते." तिच्या आवाजात जरा कंप होता. नळोबाने तो तीस वर्षांत दोनदाच ऐकला होता.

मग नळोबाने स्टूल ओढलं आणि राउटरसमोर ठाण मांडलं. एक हात पिनवर, दुसरा पान्यावर. कुणी जवळ आलं की गुरगुरायचा. गिऱ्हाइकाने पंखा वाढवायला बटणाकडे हात नेला, तर ओरडला, "हात मागे! घाम येऊ दे!"

"अरे, पैज तू वहिनींविरुद्ध लावलीयस ना?" सलूनवाल्याने टोमणा मारला.

"तू दाढी कर."

सव्वातीनला फाइल आली. पुन्हा वाचन. या वेळी नळोबाने एकेक अक्षर घास भरवल्यासारखं दिलं आणि बायकोने प्रत्येकाखाली टिंब मारलं. चौसष्टावं टिंब पडलं तसं तिने वहीत खाली सही ठोकली.

घरी जेवायच्या टेबलावर तो डबा बसला होता. एक बाजू पांढरी, एक काळी, वरचं झाकण तर भलत्याच कंपनीचं. पेनड्राइव्ह लागला. भाषा, वेळ, डिस्क. बायको वाचून, विचार करून एकेक बटण दाबत होती. पट्टी गोगलगायीसारखी सरकत शेवटाला गेली. पावणेपाच. कॉम्प्युटर बंद होऊन पुन्हा सुरू झाला, आणि स्क्रीनवर परत तेच: भाषा निवडा.

"पुन्हा पहिल्यापासून?" नळोबा स्क्रीनवर वाकला.

बायकोने दोन क्षण स्क्रीनकडे टक लावून पाहिलं. "टेंपो रिकामा झालाय, पण दारातच उभाय. हा डबा परत त्यातूनच माल उतरवायला निघालाय." तिने पेनड्राइव्ह उपटला आणि बटण दाबलं.

काळोख. एक ठिपका. मग निळाशार पडदा, आणि मधोमध तिचं नाव, तिने स्वतः टाइप केलेलं.

नळोबाला काहीतरी चावट बोलायचं होतं. त्याऐवजी तो खिडकीत गेला आणि गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडला, "चालला रे! माझ्या बायकोने चालवला!"

वाचनालयाच्या बाई पाचला आल्या. त्यांनी चार ओळी टाइप केल्या, कॉम्प्युटर बंद केला, चालू केला, मग वही चाळली. कुठला भाग कुठून आला, कधी तपासला, सगळी नोंद. चौसष्ट टिंबांवर त्यांचं बोट थांबलं.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला तपासायला?"

"सवय आहे."

"सोमवारपासून या," बाई म्हणाल्या. "पाचही तुमचे."

साडेपाचला सलूनबाहेर खुर्ची मांडली गेली. भाजीवाली, टपालवाला, मॅचवालं गिऱ्हाईक, शाळेतून परतणारी पोरं, सगळी गोळा झाली. बायको पुढे उभी होती, पदराआड हसत.

वस्तरा चालला. डावी बाजू साफ झाली. पोरं किंचाळली.

सलूनवाल्याला दया आली. "नळोबा, उरलेली पण उतरवतो. माणसात येशील."

"हात लावशील तर याद राख," नळोबा खुर्चीत ताठ होत म्हणाला. "सगळी काढलीस तर मला कोण विचारणार, काय झालं म्हणून?"