कल्हई गेलेलं पातेलं

"बाहेर सोन्याचं पातेलं, आत रुप्याचं गं ऊन
आल्यागेल्याचं लेकरू, जेवू घालते जपून..."

अंबुबाईचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला, तेव्हा मी कल्हईवाल्याच्या भट्टीतून नुकतंच उतरलं होतं. अंग अजून तापलेलं होतं.

मित्रांनो, मी एक जुनं पितळी पातेलं आहे. सोलापुरातल्या एका गल्लीत माझं आयुष्य गेलं. लग्न असो की बारसं, स्वयंपाक अंबुबाईचाच. "तिच्या हातचं खाऊन कुनाचं पोट दुखलं न्हाय," असं लोक म्हणायचे. पितळेला आंबट सोसत नाही. म्हणून माझ्या पोटात कल्हईचा, म्हणजे कथलाचा पांढरट, मंद लेप असे. तो होता तोवर माझ्यातलं ताक अमृत होतं.

मग सून आली, शिवलीला. हाताची चपळ, सासूला 'अत्ती' म्हणणारी, तिच्या एका शाबासकीसाठी आसुसलेली. शेजारच्या दाक्षायणीच्या नातवाचं बारसं होतं. आदल्या संध्याकाळी शिवलीलानं माझ्यात डोकावून पाहिलं आणि पुटपुटली, "अत्तींनी आतून घासलंच न्हाय की." चिंच घेतली, राख घेतली, काथ्यानं घासघासून मला आतूनही पिवळंधमक केलं. लेप मोरीतून वाहून गेला. मला ओरडता आलं नाही.

सकाळी घाईघाईत माझ्यात ताक ओतलं गेलं. पंगत बसेपर्यंत ते उघड्या पितळेनं कळकून विषारी झालं होतं. दुपारी गल्लीभर उलट्या. बाळंतीणसुद्धा दवाखान्यात गेली. माणसं सगळी वाचली, पण अंबुबाईचं नाव गेलं.

आरोग्य निरीक्षक सोमशेखर सरांनी मला उन्हात तिरकं धरलं. "आजी, कल्हई नाही यात. ताक घालण्याआधी पाहिलं नाही?"

"सैपाक माजा हुता, सायेब," अंबुबाई म्हणाली. "डोळ्यांनी दगा दिला असंल."

शिवलीला दारामागे उभी होती.

त्यानंतर अंबुबाईला कुणी बोलावलं नाही. मी माळ्यावर गेलं. तिथून दिसायचं, ती मोरीपाशी बसून हात धुवायची, नाकाशी न्यायची, पुन्हा धुवायची. ओवी तिनं परत म्हटली नाही. गेल्या थंडीत ती गेली, लिंगैक्य झाली.

मित्रांनो, चकाकतं ते सगळं स्वच्छ नसतं. आंबट घालण्याआधी भांड्याच्या पोटात पाहत जा. आणि कुणाला बोल लावण्याआधी त्याच्या मनातही पाहत जा.

परवा सोमशेखर सर गल्लीतल्या बायकांना स्वयंपाकाच्या स्वच्छतेविषयी सांगायला आले. दाखवायला म्हणून मला खाली काढलं.

"आलं बगा म्हातारीचं पातेलं," दाक्षायणी हसली. "आंदळ्या हातानं अक्की गल्ली लोळवली की तिनं."

बायका हसल्या. शिवलीला उठली. तिनं माझ्या काठावर हात ठेवला.

"दाक्षाक्का, अत्तींचे डोळे चांगले हुते. ती कल्हई मला मळ वाटली. मीच घासली. त्यांनी एकदा इचारलं हुतं मला, 'तू घासलीस का गं?' म्हनून. मी न्हाय म्हनले."