सरळ केलेल्या पावत्या

मित्रांनो, घाबरू नका, खुशाल हात लावा. मी आता तापत नाही. लाँड्रीच्या मागच्या फळीवर, मोडक्या हँगरांच्या शेजारी बसलेली मी एक म्हातारी इस्त्री आहे, वाफेची. फळीवर बसावं लागलं याचं मला दुःख नाही. माझं दुःख वेगळं आहे. ते ऐकून घ्यायला आजवर कोणी थांबलं नव्हतं. तुम्ही थांबलात, तर सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. वितळलेला धातू साच्यात ओतून मला घडवलं आणि मग माझा तळ घासून घासून असा लखलखीत केला की तपासनिसाला त्यात आपली मिशी दिसली. "हिच्यात बघून भांग पाडता येईल," तो म्हणाला. ती माझी पहिली शाबासकी. पुढे मी एका मोठ्या दुकानाच्या काचेमागे आले. माझ्या गळ्यात पाटी होती : 'आज न्या, सावकाश फेडा. व्याज शून्य.'

त्या पाटीसमोर दोन बायका येऊन उभ्या राहिल्या, नणंद आणि भावजय. भाऊ वारल्यावर त्याची लाँड्री या दोघीच चालवत होत्या. भावजय इस्त्री करायची, थोरली नणंद कपडे घरोघरी पोचवायची आणि व्यवहार बघायची.

"वन्सं, शून्य म्हणजे खरंच शून्य असेल का हो?" भावजयीने हळूच विचारलं.

"अगं, शून्याला काय दोन अर्थ असतात?" असं म्हणून नणंदेने सही केली. करार चार पानांचा होता. अक्षर मुंगीएवढं. सहीची जागा तेवढी ठळक.

नंतरची दोन वर्षं माझ्या आयुष्यातली सोन्याची. भावजयीचा हात असा होता की कॉलरवर मी एकदाच फिरायचे, दुसऱ्यांदा फिरायची गरजच पडायची नाही. बाहीची घडी इतकी धारदार यायची की गिऱ्हाइकं थट्टा करायची, "जपून हो, बोट कापेल!" नणंद गठ्ठे बांधता बांधता गालात हसायची. मी वाफ सोडायचे, आणि तिघींचं बरं चाललं होतं.

आता नीट ऐका, कारण खोट इथेच होती. हप्त्याची तारीख होती महिन्याची पाच. हप्ता वसुलीवाल्याच्याच हातात द्यायचा, हा करारातला नियम. आणि वसुलीवाला आमच्या गल्लीत यायचा पाच तारीख उलटल्यानंतरच्या गुरुवारी. नणंद एक तारखेलाच पैसे पाकिटात घालून तयार ठेवायची. पण घ्यायला माणूसच उशिरा आला, तर ती काय करणार? कर्ज देणारी कंपनी मात्र उशिराचा दंड तिच्याच नावावर लावायची. दिलेल्या हप्त्यातून आधी दंड वळता करायची आणि उरलेलं कर्जात जमा करायची. हे नणंदेला कोणी सांगितलं नाही. मुंगीएवढ्या अक्षरात ते लिहिलेलं होतं.

वसुलीवाल्याच्या कमरेला एक छोटं यंत्र असायचं. त्यातून तो गुळगुळीत कागदाची पावती काढून द्यायचा. ती हातात येताच गुंडाळी व्हायची. अशा चोवीस गुंडाळ्या नणंदेने बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या.

चोविसावा, म्हणजे शेवटचा हप्ता भरला त्या दिवशी दोघींनी मला ओल्या फडक्याने पुसलं. "आता ही आपली," नणंद म्हणाली. पण पुढच्या महिन्यातल्या गुरुवारी वसुलीवाला पुन्हा दारात. अजून नऊ हप्ते बाकी आहेत म्हणाला.

"नऊ कसले? सगळे भरलेत मी. पावत्या आहेत," नणंद म्हणाली.

"काय मावशी," तो गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "लोकांच्या सुरकुत्या काढता आणि स्वतःचा व्यवहार चुरगळलेला! बुडवे कुठले!"

समोर शिक्षिकाबाई कपडे घ्यायला आल्या होत्या. त्या अर्धेच इस्त्री झालेले कपडे उचलून निघून गेल्या. तेव्हापासून नणंदेचा फोन दिवसभर वाजू लागला. उचलला की शिव्या, नाही उचलला की शेजाऱ्यांना फोन. कपडे पोचवायला ती आडरस्त्याने जाऊ लागली.

"पैसे गेले तर पुन्हा कमावीन," ती भावजयीला म्हणाली. "मला एक कागद हवा. माझ्या नावापुढे 'निरंक' लिहिलेला." निरंक म्हणजे काहीही बाकी नाही. त्या एका शब्दासाठी तिचा जीव तुटत होता.

मग कळलं की हा मार एकट्या आमच्यावर नव्हता. न्हाव्याची खुर्ची, बेकरीवाल्याची भट्टी, फोटोवाल्याचा कॅमेरा, सगळं याच कंपनीच्या हप्त्यांवर घेतलेलं, आणि सगळ्यांचं दुखणं एकच. न्हावी एका वकीलबाईंकडे गेला. त्यांनी सामूहिक दावा करायचं ठरवलं. वर्गात एकावर अन्याय झाला तर तो एकटा उभा राहायला घाबरतो ना? सगळ्या वर्गाने मिळून एकच अर्ज केला तर? सामूहिक दावा तसाच असतो. फसलेले शेकडो, गाऱ्हाणं एक, म्हणून खटलाही एकच.

वकीलबाईंच्या कारकुनाचा निरोप आला : "उद्या सगळ्या पावत्या नीट सरळ करून आणा."

मित्रांनो, सरळ करणे या शब्दाचा अर्थ आमच्या लाँड्रीत एकच होता.

नणंद कपडे पोचवायला बाहेर गेली होती. भावजयीने डबा उघडला आणि चोवीस पावत्या टेबलावर ओळीने मांडल्या. जळू नयेत म्हणून वर तलम रुमाल पसरला. माझी आच रेशमाला ठेवतात तेवढीच ठेवली. आणि मी फिरले. नेहमीसारखी, मनापासून. रुमाल उचलला तेव्हा चोवीसच्या चोवीस पावत्या काळ्या पडल्या होत्या. तो कागद शाईचा नव्हताच, उष्णतेने उमटणारा होता. एक आकडा, एक तारीख दिसेना.

नणंद आली. तिने एक पट्टी उचलून उजेडाकडे धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"वन्सं, त्यांनी सरळ करायला सांगितलं होतं..."

"तू माझं खरं जाळलंस गं," ती एवढंच म्हणाली. आवाजही चढवला नाही.

आठवड्याभरात ती गाव सोडून गेली. कुठल्याशा शहरात, मोठ्या हॉटेलाच्या धुलाईखान्यात काम मिळालं, इतकंच कळलं. वसुलीच्या फोनांना कंटाळून तिने नंबरही टाकून दिला होता.

भावजय त्या काळ्या पट्ट्या घेऊन रडत वकीलबाईंकडे गेली. मग एके दुपारी वकीलबाई स्वतः आमच्या दुकानात आल्या आणि मला हातात घेऊन बघू लागल्या.

"रडू नका," त्या म्हणाल्या. "पावती नसेल तर हप्ता भरलाच नाही असं समजू, हे कंपनीने करारात लिहिलंय. आणि पावती देतात ती अशी, उन्हात ठेवली तरी जाईल! हेच मी न्यायाधीशांना दाखवणार."

"पण आमच्या वन्संचं नाव? त्यांच्याकडे तर आता काहीच नाही."

"दावा सगळ्यांचा आहे. जो आला त्याचा, जो नाही आला त्याचाही."

खटला चार वर्षं चालला. निकालाच्या दिवशी न्हावी धावत आला आणि टेबलावर हात आपटून सांगू लागला. न्यायाधीशांनी काळ्या पट्ट्या हातात घेऊन विचारलं होतं, पावती टिकत नाही तर कंपनी आपल्या नोंदी का उघडत नाही? नोंदी उघडाव्या लागल्या. त्यात सगळ्यांचे सगळे हप्ते होते, आणि दर महिन्याला मुद्दाम उशिरा येणारा गुरुवारही होता. दंड बेकायदा ठरला. प्रत्येकाला पैसे परत आणि निरंकचा दाखला.

नणंदेचा दाखलाही आला. पाकिटावर तिचं नाव, पत्ता लाँड्रीचा. भावजयीने तो गल्ल्यात ठेवला आहे. जुना नंबर ती अजूनही लावून बघते. जो छळ चुकवायला तो नंबर बंद केला, तो छळ कधीच संपला, पण हे सांगायला तोच नंबर हवा होता. गावाबाहेर निघालेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती विचारते, "तुम्ही जाताय त्या शहरात हॉटेलं आहेत का हो मोठी?"

त्यानंतर वर्षभरात माझं पोट गळू लागलं आणि मी या फळीवर आले.

मित्रांनो, सही करण्यापूर्वी बारीक अक्षर वाचा. वाचता येत नसेल तर वाचून घ्या, त्यात लाज नाही. कोणी कोणाला चारचौघांत बुडवा म्हणालं, तर आपले कपडे उचलून निघून जाऊ नका. आधी विचारा, काय झालं. आणि कधी एखाद्या मोठ्या हॉटेलात गेलात, तर मागच्या दाराने धुलाईखान्यात डोकवा. चादरींच्या ढिगापाशी एक उंच, कमी बोलणारी बाई दिसली, उजव्या भुवईवर जुना व्रण असलेली, तर तिला म्हणावं, भावजय वाट बघतेय. तिची चूक झाली, पण खोटं तिने काही केलं नव्हतं. आणि म्हणावं, निरंकचा दाखला आलाय, आता फोन करायला हरकत नाही.