बहिऱ्या गाडीचा आवाज

मार्चमधल्या त्या रविवारी कॅनडातल्या मार्कहॅममध्ये चित्राच्या गराजबाहेर विंटर बुटांच्या तीसेक जोड्या काढून ठेवल्या होत्या आणि पुण्या-नागपूरची शहाणीसुरती सॉफ्टवेअर मंडळी गारठलेल्या सिमेंटवर नुसत्या मोज्यांनी, हात जोडून उभी होती. समोर होती तिच्या नवऱ्याची, नंदनची, जपानी व्हॅन. बॉनेटवर हार, काचेवर कुंकवाचं स्वस्तिक. उजवीकडच्या स्टिअरिंगमागे, मांडीवर झोळी घेऊन, एटोबिकोहून आलेले ध्वनिनाथ महाराज बसले होते.

"आत्मा म्हणजे फ्रीक्वेन्सी!" महाराजांनी डॅशबोर्डवरच्या पडद्याकडे बोट केलं. "हा नकाशा पाहा. जगातल्या साऱ्या गाड्या रस्त्यावर, ही एकटी निळ्या पाण्यात. कुठलं पाणी? भवसागर! नंदनराव अजून पार झालेले नाहीत."

मागे उभ्या गुरुदत्तकाकांनी हसू दाबलं. तो समुद्र जपानचा होता. गाडीच्या नकाशात कॅनडा नव्हताच, म्हणून बाण बिचारा मिळेल तिथे उभा होता. नंदन वर्षभर त्या यंत्राशी झटत होता. "काका, गाडी बहिरी आहे हो," म्हणायचा. जपानी रेडिओ एफएमवर शहात्तर ते नव्वद ऐकतो, इथली स्टेशनं अठ्ठ्याऐंशीच्या पुढे. इथली स्टेशनं त्या पट्ट्यात उतरवणारा कन्व्हर्टर त्याने मागवला होता. तो बसवण्याआधीच, जानेवारीत, त्याचं हृदय थांबलं.

दहाव्याला पिंडाला कावळा शिवला नाही. सीगल आला आणि सगळा भात घेऊन गेला. सीगल चालतो का, यावर ग्रुपवर दोन दिवस वाद झाला. चित्राच्या मनात मात्र एकच घर करून बसलं, की नंदनची काहीतरी इच्छा राहिली. ती कुठे अडकली हे सांगायला महाराज आयतेच भेटले.

महाराजांनी डोळे मिटले. हात झोळीत गेला. स्पीकर खरखरला, आणि नंदन बोलला.

"चित्रा... जाऊ नको. थांब."

बायकांनी पदर, ओढण्या डोळ्यांना लावल्या. चित्राने बॉनेटवर डोकं टेकलं. काका गर्दीतून पुढे सरकले. गुरुवारी तिचं ऑपरेशन होतं. छातीतली गाठ, चार महिने ताटकळून मिळालेली तारीख.

"महाराज, त्याला एक विचारू का? उसनी नेलेली माझी सोल्डरिंगची कांडी कुठे ठेवलीय त्याने?"

"आत्मा चौकशीच्या खिडकीत बसत नाही, काका!"

सगळे हसले. काकांवरच.

तेवढ्यात दहा वर्षांची ऊर्मी, चित्राची लेक, पुढे आली. दर शनिवारी ती काकांच्या मराठीच्या वर्गात पहिल्या बाकावर असायची. "काका, वेट. हे तर फ्रीझिंग रेनच्या दिवशीचं आहे!"

तिने आईच्या फोनवर त्या गोठणाऱ्या पावसाच्या दिवशीचा जुना व्हॉइस मेसेज शोधला आणि लावला. तोच आवाज, तोच सूर. "चित्रा, फ्रीझिंग रेन सुरू झालाय. ड्राइव्ह करत जाऊ नको. थांब, मी येतो न्यायला."

काका चित्राकडे वळले.

"हे मेसेज महाराजांना दिलेस, चित्रा?"

"आत्म्याची ओळख पटवायला मागितले होते, काका. सगळे फॉरवर्ड केले."

"ऊर्मी, रेडिओवर आकडा काय दिसतोय?"

"सेव्हन्टी-नाइन."

"इथे एकोणऐंशीवर कोण बोलतं?"

"नोबडी."

"मग जो बोलतोय तो दूरचा की जवळचा?"

ऊर्मीने महाराजांच्या झोळीकडे पाहिलं. काकांनी नंदनच्या टेबलावरून काड्यापेटीएवढी डबी उचलली. रेडिओ तपासायला त्यानेच आणलेला छोटा ट्रान्समीटर. तिला आपला फोन जोडला, आकडा एकोणऐंशीवर आणला आणि आपला आवाज भरून लावला. गाडी ठणठणीत बोलली, "मी गुरुदत्त. अजून गेलेलो नाही."

झोळी उघडली तेव्हा आत तशीच एक डबी लुकलुकत होती.

"श्रद्धा नाही तिथे ध्वनी नाही," म्हणत महाराज उठले. गर्दीतल्या अक्षतावहिनींनी तरी वाकून नमस्कार केलाच. "डबी खोटी असेल हो. महाराज कशाला खोटे असतील?" आणखी सात-आठ जण बूट चढवून त्यांच्यामागे गेले.

गराज रिकामं झाल्यावर चित्रा हळूच म्हणाली, "काका, त्याचा आवाज येईपर्यंत कुठे जाऊ नको, असं महाराज म्हणाले होते. शुक्रवारीच फोन करून मी ऑपरेशनची तारीख सोडली."

सोमवारी नऊला दोघांनी हॉस्पिटलला फोन लावला. चाळीस मिनिटं तीच धून वाजली. मग पलीकडची बाई फार गोड बोलली. गुरुवारची जागा दुसऱ्या पेशंटला दिली होती. कॅन्सलेशन आलं तर कळवू.

फोन ठेवून चित्राने विचारलं, "पण आवाज तर त्याचाच होता ना?"

"आवाज त्याचा होता, बाळ. सांगणं त्याचं नव्हतं."

पुढच्या शनिवारी काकांनी वर्गात धडा काढलाच नाही. "मुलांनो, चमत्कार दिसला तर बघा. रडू आलं तर रडा. पण त्याला एक प्रश्न विचारा, ज्याचं उत्तर आधी भरून ठेवता येणार नाही. आणि उत्तर मिळेपर्यंत डॉक्टरने दिलेली तारीख सोडू नका. घरी मोठ्यांनाही सांगा. ते माझं ऐकत नाहीत."

वर्ग सुटला. ऊर्मी दाराशी घुटमळली.

"काका, हॉस्पिटलचा फोन अजून नाही आला."

काकांनी खिशातली गाडीची किल्ली चाचपली.

"आला की सांग," ते म्हणाले. "मी येतो न्यायला."